कमलाबाईंचं पहिलं वर्ष

1910-11 च्या सुमारास सी. व्ही. रमण आमच्या नागपुरात सरकारी अर्थखात्यात होते. संशोधन नोकरी सांभाळून. हेच रमण 1933 साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेचे संचालक झाले आणि मुंबईहून बीएस्सी करून आलेल्या कमला भागवतांना (नंतरच्या सोहोनी) म्हणाले, मुलींना प्रवेश नाही! बाई हटल्या नाहीत. मग प्रवेश मिळाला, पण वर्षभर परीक्षेवर. सुदैवाने श्रीनिवासय्या हे शिस्तीचे कडक, पण मन लावून शिकवणारे गुरू भेटले. वर्षाअखेर रमणांचं मत बदललं. पुढे 1939 साली केंब्रिजची पीएचडी.

मीही पीएचडीला गेलो होतो. सहा महिने कुणी विचारलंच नाही, "बाबा रे, कुठे अडलंय?" परत आलो, आता कोड लिहितो. पहिल्या वर्षी पारखणारे पुष्कळ भेटतात हो; शिकवणारा एक भेटला तरी पुरतो.