सुरक्षा साधनांतील क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग

सुरक्षा साधनांतील क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग हा संगणक सुरक्षेतील त्रुटींचा एक प्रकार आहे. संगणक जाळ्यातील दोष शोधणारी साधने, नोंदींचे विश्लेषण करणाऱ्या प्रणाली, फायरवॉल इत्यादींचे कामकाज आज बहुधा ब्राउझरमधून चालते. ही साधने बाहेरून आलेला मजकूर योग्य प्रक्रिया न करता पडद्यावर दाखवतात, तेव्हा त्या मजकुरात दडवलेला कोड साधन वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालू शकतो. संरक्षणासाठी बसवलेले साधनच अशा वेळी हल्ल्याचा मार्ग बनते.

पार्श्वभूमी

'क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग' ही संज्ञा इ.स. २०००च्या सुरुवातीस मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्यांनी रूढ केली. त्याच वर्षी २ फेब्रुवारी रोजी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सर्ट समन्वय केंद्राने या धोक्याविषयी सूचनापत्रक काढले. संज्ञेचे संक्षिप्त रूप 'एक्सएसएस' असे आहे. 'सीएसएस' हे रूप पानांच्या मांडणीच्या भाषेसाठी आधीच प्रचलित असल्याने ते टाळण्यात आले. ४ ऑक्टोबर २००५ रोजी मायस्पेस या संकेतस्थळावर पसरलेल्या 'सॅमी' या वर्मने २० तासांच्या आत दहा लाखांहून अधिक खात्यांना ग्रासले आणि या त्रुटीची व्याप्ती जगासमोर आली. ओवास्प या संस्थेच्या २००७च्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर होती. २०२१च्या यादीत तिचा समावेश 'इंजेक्शन' या व्यापक वर्गात करण्यात आला.

प्रकार

या त्रुटीचे सामान्यतः तीन प्रकार मानले जातात. साठवलेल्या प्रकारात घातक मजकूर सर्व्हरवर जतन होतो आणि पुढे ते पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये चालतो. परावर्तित प्रकारात तो एखाद्या दुव्यातून पाठवला जातो व सर्व्हरच्या उत्तरातून लगेच परत येतो. तिसऱ्या, डॉम-आधारित प्रकारात दोष पानावरील जावास्क्रिप्टमध्येच असतो. सुरक्षा साधनांच्या बाबतीत साठवलेला प्रकार विशेष घातक ठरतो, कारण तपासणीचे निष्कर्ष आणि नोंदी जतन करणे हेच या साधनांचे काम असते.

सुरक्षा साधनांतील विशेष धोका

सामान्य संकेतस्थळाला बहुतांश मजकूर त्याच्या वापरकर्त्यांकडून मिळतो. सुरक्षा साधनाला मात्र अविश्वसनीय माहिती मुद्दाम गोळा करावी लागते. स्कॅनर अनोळखी यंत्रांची नावे आणि त्यांवरील सेवांची उत्तरे वाचतो. नोंद-विश्लेषण प्रणालीत हल्लेखोराने पाठवलेले पत्ते व ब्राउझरचे नाव जसेच्या तसे उतरते. त्यामुळे हल्लेखोराला साधनात प्रवेश मिळवण्याची गरज उरत नाही. त्याचा मजकूर साधन स्वतःच आत आणते.

असे साधन वापरणारी व्यक्ती बहुधा प्रशासक असते. तिच्या ब्राउझरमध्ये चालणारा कोड तिच्या नावाने आदेश देऊ शकतो, नवी खाती उघडू शकतो किंवा तपासणीचे निष्कर्ष बदलू शकतो. जाळ्यातील दुरुस्त न झालेल्या दोषांची यादीही याच साधनात असल्यामुळे ती हल्लेखोराच्या हाती पडण्याचा धोका संभवतो.

ज्ञात उदाहरणे

टेनेबल कंपनीच्या नेसस या स्कॅनरच्या ७.१.० पूर्वीच्या आवृत्त्यांत अशी त्रुटी होती. तिचा क्रमांक सीव्हीई-२०१८-११४७ आहे. साधनात प्रवेश असलेला हल्लेखोर खास बनवलेली नेसस फाइल चढवू शके. प्रशासकाने ती पाहिल्यास त्याच्या ब्राउझरमध्ये कोड चालत असे.

रॅपिड-सेव्हन कंपनीच्या मेटास्प्लॉइट प्रो या साधनात २०२०मध्ये दोन त्रुटी आढळल्या. सीव्हीई-२०२०-७३५४ ही तपासलेल्या यंत्राच्या नावाच्या रकान्यात, तर सीव्हीई-२०२०-७३५५ ही टिपणांच्या रकान्यात होती. तपासणीचे लक्ष्य असलेले यंत्रच विशिष्ट मजकूर परत पाठवून तपासनिसाच्या ब्राउझरपर्यंत कोड पोहोचवू शकत होते. कंपनीने त्याच वर्षी मे महिन्यात सुधारित आवृत्ती दिली.

प्रतिबंध

मजकूर दाखवताना त्याचे संदर्भानुसार रूपांतर करणे हा मुख्य उपाय आहे. कोनी कंस, अवतरण चिन्हे इत्यादी विशेष चिन्हे अशा रूपात लिहिली जातात की ब्राउझर त्यांना आदेश न मानता अक्षरे मानतो. केवळ रोमन अक्षरे व अंक स्वीकारण्याची गाळणी हा त्याला पर्याय नव्हे. लातूर जिल्ह्यातील एखाद्या कार्यालयाने आपल्या यंत्राच्या नोंदीत 'चाकूर' हे नाव देवनागरीत लिहिले, तर अशी गाळणी निरुपद्रवी नाव नाकारते. योग्य रूपांतरात ते नाव जसेच्या तसे दिसते आणि कोड निष्प्रभ होतो.

कोणत्या स्रोतातील कोड चालवावा हे ब्राउझरला सांगणारे आशय सुरक्षा धोरण आणि जावास्क्रिप्टला वाचता न येणाऱ्या कुकी हे पूरक उपाय आहेत. साधनाची आवृत्ती अद्ययावत ठेवणे आणि प्रशासकाच्या खात्याचा वापर मर्यादित ठेवणे यांमुळेही हानी कमी होते.

भारतातील कायदेशीर चौकट

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००च्या कलम ४३ मध्ये संगणकात विनापरवाना प्रवेश करणे व माहिती काढून घेणे यांबद्दल भरपाईची तरतूद आहे. हेच कृत्य अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सर्ट-इन ही राष्ट्रीय यंत्रणा २००४पासून कार्यरत आहे. तिच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार, निर्देशांत नमूद केलेल्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळवणे बंधनकारक आहे.