क्रूझवर नेण्याचा कूलर : १२ इंचांत काय मावते, काय मावत नाही

भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आई-वडील, शाळेला सुटी लागलेली मुले आणि मोजक्याच रजा शिल्लक असलेले नोकरदार दांपत्य, अशा तीन पिढ्यांना एकत्र नेणारी सहल म्हणून अमेरिकेतील अनेक मराठी घरांत कॅरिबियन क्रूझचा विचार होतो. मायामी, पोर्ट कॅनॅव्हरल किंवा गॅल्व्हस्टन येथून जहाज सुटते आणि चार ते सात दिवसांत परत येते. तिकिटे काढून झाली की सामानाची यादी सुरू होते आणि तिच्यात ‘एक कूलर’ अशी नोंद हमखास असते. तो कशासाठी न्यायचा, हे मात्र बहुधा ठरलेले नसते. उन्हाळी सहलींसाठी गॅरेजमध्ये ठेवलेला चाकांचा मोठा कूलर गाडीत घातला जातो आणि बंदरावरच्या तपासणीत अडतो.

कूलरची निवड दुकानात जाण्यापूर्वीच निम्मी झालेली असते. कारण ती जहाज कंपनीच्या नियमाने होते. कार्निव्हलचा नियम सर्वांत स्पष्ट आहे. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी १२ इंचांहून अधिक नसलेला, थोडी मद्यविरहित पेये किंवा औषधे ठेवण्यापुरता छोटा कूलर हातातल्या सामानात चालतो. त्याहून मोठा कूलर हातातही चालत नाही आणि हमालाकडे दिलेल्या सामानातही चालत नाही. पेयांबाबत ही कंपनी दर प्रवाशामागे १२ कॅन आणू देते, तेही प्रत्येकी १२ औंसांपर्यंतचे. बाटल्या चालत नाहीत. नॉर्वेजियन क्रूझ लाइन शीतपेये आणूच देत नाही. त्यामुळे एका जहाजावरचा अनुभव दुसऱ्या जहाजावर लागू पडेल असे गृहीत धरू नये. हे नियम बदलत असतात, म्हणून सहलीच्या आठवड्यात कंपनीचे पान पुन्हा वाचावे आणि त्याची प्रत मोबाइलमध्ये ठेवावी.

१२ इंच हे माप बाहेरून घ्यायचे असते. बाजूचे खिसे, कड्या आणि झाकणाची मूठ धरून. पाठीवर अडकवायचे कूलर सोयीचे दिसतात. ग्रँड केमनसारख्या ठिकाणी जहाज धक्क्याला न लागता लहान बोटीने किनाऱ्यावर जावे लागते, तेथे दोन्ही हात मोकळे असणे केव्हाही चांगले. परंतु या प्रकारातले बहुतेक कूलर उंचीला १५ इंचांच्या पुढे जातात आणि तपासणीत अडकू शकतात. आडवा लांब पट्टा असलेली चौकोनी पिशवी हा त्यावरचा साधा उपाय आहे.

जाड भिंतीचा मोह

बर्फ कित्येक दिवस टिकवणारे, जाड भिंतींचे कडक प्लास्टिकचे कूलर अमेरिकेत लोकप्रिय आहेत आणि त्यांची किंमतही तशीच असते. मोटारीने केलेल्या कॅम्पिंगला ते उत्तम. क्रूझवर मात्र त्यांचा गुण हाच दोष होतो आणि ते साध्या गणिताने दिसते. १२ इंच म्हणजे साधारण ३०.५ सेंटिमीटर. भिंत २ सेंटिमीटर जाडीची असेल, तर आत २६.५ सेंटिमीटरचा घन उरतो, म्हणजे सुमारे साडेअठरा लिटर. भिंत ५ सेंटिमीटरची असेल, तर आत साडेवीस सेंटिमीटरच उरतात आणि धारणक्षमता साडेआठ लिटरांच्या आसपास येते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. नेहमीचा ३५५ मिलिलिटरचा कॅन सव्वाबारा सेंटिमीटर उंच असतो. जाड भिंतीच्या पेटीत असे ९ कॅन उभे राहतात. वरच्या फटीत आणखी तीन आडवे सारले तर बर्फाला जागाच राहत नाही. पातळ भिंतीच्या मऊ पिशवीत १२ कॅन ठेवूनही बर्फासाठी भरपूर जागा मोकळी राहते.

मऊ पिशवीत उष्णता लवकर शिरते, हे खरेच. बाहेर ३० अंश सेल्सियस तापमान असताना दोन किलो बर्फ अशा पिशवीत साधारण दहा तास टिकेल, तर जाड पेटीत दीड दिवसाच्या पुढे जाईल, असा ढोबळ हिशेब निघतो. पण किनाऱ्यावरचा मुक्काम सहा ते आठ तासांचा असतो आणि संध्याकाळी जहाजावर परतल्यावर केबिनच्या सेवकाकडे बर्फ मागता येतो. दीड दिवस टिकणाऱ्या बर्फाचा तेथे उपयोग काय? शिवाय मऊ पिशवी विमानप्रवासात घडी घालून सुटकेसमध्ये बसते.

बर्फाच्या हिशेबात आणखी एक गोष्ट निसटते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. ३० अंशांवरचे १२ कॅन ४ अंशांपर्यंत आणायचे, तर सुमारे ४६० किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते, म्हणजे जवळजवळ १.४ किलो बर्फ केवळ कॅन गार करण्यातच संपतो. कॅन आदल्या रात्री केबिनमधल्या फ्रिजमध्ये ठेवले, तर सकाळी तोच बर्फ दिवसभर पुरतो. कूलर गार ठेवतो, गार करत नाही, एवढे लक्षात घेतले की महागड्या भिंतींचे आकर्षण बरेच कमी होते.

पिशवी घेताना आतल्या अस्तराची शिवण पाहावी. दोऱ्याने शिवलेल्या अस्तरातून वितळलेले पाणी झिरपते. उष्णतेने जोडलेल्या अस्तरातून सहसा झिरपत नाही. पाणी न गळू देणाऱ्या काही चेन इतक्या घट्ट असतात की संधिवाताने आखडलेल्या बोटांना त्या उघडत नाहीत. पिशवी आजी-आजोबांच्या औषधांसाठी असेल, तर ती त्यांच्याच हाताने दुकानात उघडून पाहावी.

विजेवर चालणारे कूलर या प्रवासात न्यायच्या भानगडीत पडू नये. आगीच्या भीतीने जहाजांवर प्रवाशांच्या विद्युत उपकरणांबाबत कडक निर्बंध असतात. वैद्यकीय गरजेसाठी असे उपकरण लागणारच असेल, तर कंपनीची लेखी परवानगी आधी घ्यावी.

औषध असेल तर

पेये कोमट झाली तर फार तर चव जाते. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल, तर कूलरचा प्रश्न वेगळ्याच पातळीवर जातो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचे असते. वापरात असलेले पेन मात्र ३० अंशांच्या आत सामान्य तापमानाला चालते. लँटस आणि नोवोलॉग यांच्यासाठी ही मुदत २८ दिवसांची आहे. मधुमेहासाठी दिल्या जाणाऱ्या ओझेम्पिकचे वापरात असलेले पेन ५६ दिवस चालते. म्हणजे सात दिवसांच्या सहलीत रोजच्या पेनला बर्फाची गरज नसते. गरज असते ती उन्हापासून आणि तापलेल्या गाडीपासून जपण्याची. राखीव पेने मात्र थंडच राहावी लागतात.

येथे काळजीपोटीच घोटाळा होतो. पेन गोठलेल्या जेल पॅकला टेकवून ठेवले, तर आतले इन्सुलिन गोठू शकते. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळून पूर्वीसारखे दिसले तरी ते टाकून द्यावे लागते, कारण त्याच्या परिणामाचा भरवसा राहत नाही. पॅक आणि पेन यांच्यामध्ये जाडसर टॉवेल किंवा वेगळा डबा असावा आणि आत एक छोटा थर्मामीटर ठेवावा. तो फार महाग नसतो.

बर्फाविना औषध गार ठेवणाऱ्या पिशव्याही मिळतात. वेल्समधील ‘फ्रिओ’ या उत्पादकाची पिशवी पाण्यात भिजवली की आतले स्फटिक फुगतात आणि पाण्याचे बाष्पीभवन होताना औषध गार राहते. उत्पादकाच्या म्हणण्यानुसार ३८ अंशांच्या आसपासच्या सततच्या उष्णतेतही ती ४५ तास औषध १८ ते २६ अंशांत ठेवते. नागपूर-अकोल्याकडच्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही. त्याच्या लेखी ‘कूलर’ म्हणजे खिडकीला लावलेला वाळ्याच्या ताट्यांचा पंखाच. माठही त्याच तत्त्वावर चालतो. हाच कूलर मुंबईत निष्प्रभ का ठरतो, हेही त्याला ठाऊक असते. हवा दमट असली की बाष्पीभवन मंदावते, आणि कॅरिबियनची हवा मुंबईसारखीच दमट आहे. तेव्हा अशी पिशवी वापरातल्या पेनसाठी उपयोगी असली, तरी समुद्रावर तिच्याकडून कोरड्या हवेतल्या कामगिरीची अपेक्षा ठेवू नये. तिला वारा लागला पाहिजे. बंद पर्समध्ये किंवा कूलरच्या आत ती ठेवली, तर ती नुसती ओली चिंधी होते. राखीव पेनांना हवे असणारे २ ते ८ अंश ती गाठूच शकत नाही.

केबिनमधल्या फ्रिजवरही डोळे मिटून विसंबू नये. अनेक जहाजांवर तो प्रत्यक्षात पेये गार ठेवणारा मिनीबार असतो आणि ८ अंशांच्या खाली जाईलच असे नाही. आरक्षणानंतर लगेच विशेष गरजांचा अर्ज भरून औषधासाठी योग्य फ्रिज आणि वापरलेल्या सुयांसाठी डबा मागावा. मोठ्या कंपन्यांकडे त्याची सोय असते. केबिनमध्ये पोचल्यावर थर्मामीटर फ्रिजमध्ये तासभर ठेवला, की राखीव पेने तेथे ठेवायची की दवाखान्याकडे विचारणा करायची, याचा निर्णय होतो.

धोक्याचे तास मात्र त्याआधीचेच असतात. बंदरावर दिलेली बॅग केबिनच्या दारात यायला दुपार, कधी संध्याकाळही होते. तोवर ती कोठे आणि किती उन्हात आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. विमानाच्या पोटातल्या सामानात औषध गोठण्याची भीती. म्हणून औषधाचा कूलर प्रवाशाच्या हातातच असावा. अमेरिकी विमानतळांवर पूर्ण गोठलेले जेल पॅक सुरक्षा तपासणीतून नेता येतात. अर्धवट वितळलेल्या पॅकला द्रवपदार्थांची मर्यादा लागते. परंतु औषध, आईचे दूध किंवा बाळाचे फॉर्म्युला गार ठेवण्यासाठीचे पॅक त्यातून वगळलेले आहेत. ते तपासणीच्या सुरुवातीलाच अधिकाऱ्याला सांगावे आणि औषधावरचे फार्मसीचे लेबल काढू नये. ड्राय आइस विमानात २.५ किलोपर्यंत आणि कंपनीच्या संमतीनेच नेता येतो. बंद केबिनमध्ये त्याचा कार्बन डायऑक्साइड साचतो, त्यामुळे जहाजावर त्याचा विचार करू नये.

तान्ह्या बाळासाठी काढलेले आईचे दूध गोठलेल्या पॅकसह कूलरमध्ये २४ तास ठेवता येते, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे (सीडीसी) मार्गदर्शन आहे. बाहेर २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ही मुदत चार तासांची आहे.

घरच्या डब्याचे काय?

दशम्या, दही, खोबऱ्याची चटणी असा डबा कूलरमधून न्यावा, असे घरातल्या ज्येष्ठांना वाटणे साहजिक आहे. बहुतेक जहाजांवर घरी शिजवलेले अन्न आणता येत नाही. कारखान्यात सीलबंद केलेला, न उघडलेला सुका खाऊ चालतो, म्हणजे बाकरवडीच्या पाकिटाला वाट आहे, पण तिला कूलर लागत नाही. पथ्याच्या जेवणाचा प्रश्न जहाज कंपनीला आधी कळवून सोडवावा. भारतीय शाकाहारी जेवण मोठ्या जहाजांवर अपूर्वाईचे राहिलेले नाही.

जहाजावरचे अन्न कूलरमध्ये भरून किनाऱ्यावर नेणे हा दुसरा मोह. ताजी फळे, मांस आणि शिजवलेले पदार्थ उतरवण्यास बंदरांवर बंदी असते. न्याहारीच्या टेबलावरचे केळेही त्यात येते. त्याची गरजही फारशी पडत नाही. कोकोके किंवा कॅस्टअवे के या कंपन्यांच्या खासगी बेटांवर दुपारचे जेवण तिकिटातच असते. जेथे अन्न सोबत नेणे चालते, तेथेही ते दोन तासांपेक्षा अधिक काळ उष्ण हवेत ठेवू नये. ३२ अंशांच्या वर ही मर्यादा एका तासावर येते.

मग औषध नसलेल्या, लहान बाळ नसलेल्या कुटुंबाने कूलर न्यावा का? चार दिवसांच्या सहलीसाठी नाही नेला तरी चालेल. जहाजावर पिण्याचे पाणी मोफत असते, आणि प्रत्येकाच्या हातात दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली असली की किनाऱ्यावरचा दिवस निभावतो.

परतीच्या वेळी एक अडचण येते, तिची तयारी जातानाच करावी. केबिनच्या फ्रिजमध्ये बर्फ जमवणारा कप्पा बहुधा नसतो, त्यामुळे घरून गोठवून आणलेले जेल पॅक शेवटच्या दिवशी केवळ मऊ गोळे असतात. दोन-चार मजबूत झिपच्या पिशव्या सोबत असाव्यात. उतरण्याच्या आदल्या रात्री सुटकेसेस दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा औषधाचा कूलर त्यांच्याबरोबर चुकूनही जाऊ देऊ नये. सकाळी सेवकाकडून घेतलेला बर्फ झिपच्या पिशव्यांत भरून, दुहेरी बंद करून कूलरमध्ये ठेवावा. विमानतळावर तपासणीच्या रांगेत लागण्यापूर्वी त्यातले वितळलेले पाणी ओतून द्यावे आणि पलीकडे गेल्यावर एखाद्या कॉफीच्या दुकानातून पेलाभर बर्फ मागून घ्यावा.