बॉक्स बसवणे (गिलाव्यापूर्वीचे)

विजेची बटणे, सॉकेट आणि पंख्याचा रेग्युलेटर ज्यात बसतात ते पत्र्याचे किंवा पीव्हीसीचे बॉक्स गिलावा होण्याआधी भिंतीत पक्के करण्याचे काम. पनवेल परिसरात हे काम शहरवाढीबरोबर वाढले: १९७० साली नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली, पुढे नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर ही उपनगरे वसली आणि २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली. या वाढीत आरसीसी सांगाडा आणि त्यात विटांची किंवा सिपोरेक्स ब्लॉकची भिंत हीच रूढ रीत ठरली. जुन्या घरांत लाकडी पट्टीवरून वायर उघडी जाई आणि बोर्ड भिंतीवर खिळलेला असे, त्यामुळे चूक दिसे आणि दुरुस्तही होई. आता पाईप आणि बॉक्स भिंतीच्या पोटात जातात. चूक कळते ती रंग झाल्यावर.

काम वायरमनचे असले तरी त्याचे यश गवंड्यावर अवलंबून असते. बॉक्सची उंची मोजायची ती तयार फरशीपासून, आणि खोली मोजायची ती तयार गिलाव्यापासून. त्या वेळी यांतले काहीच झालेले नसते. उंचीसाठी लेव्हल ट्यूबने खोलीभर फरशीच्या ठरलेल्या पातळीपासून एक मीटर उंचीवर रेघ मारतात. बटणांचा बोर्ड साधारण चार फुटांवर आणि एसीचा पॉइंट सात फुटांच्या आसपास धरतात. प्रत्येक बॉक्स या एकाच रेघेपासून मोजावा. खाली पडलेल्या रॅबिटवरून (बांधकामाच्या राडारोड्यावरून) टेप लावला की शेजारशेजारचे दोन बोर्ड वरखाली होतात.

खोलीचा प्रश्न याहून अवघड. आतला गिलावा साधारण १२ ते १५ मिमी जाडीचा असतो, पण वीटकाम कुठे आत, कुठे बाहेर असल्याने ही जाडी एकाच भिंतीवर बदलते. म्हणून विटेपासून अंदाजाने अर्धा इंच बाहेर ठेवून बॉक्स बसवणे चूकच. गवंड्याने आधी भिंतीवर ओळंब्यात ठिय्ये, म्हणजे गिलाव्याची जाडी ठरवणारे मालाचे ठिपके, द्यावेत. दोन ठिय्यांवर ॲल्युमिनियमची सरळ पट्टी धरली की होणाऱ्या गिलाव्याचा पृष्ठभाग हाताला लागतो. बॉक्सची पुढची कड त्या पट्टीला नुसती टेकली पाहिजे. बॉक्स आत राहिला तर प्लेटचे स्क्रू पोचत नाहीत आणि लांब स्क्रू शोधत फिरावे लागते. बाहेर आला तर प्लेट आणि भिंत यांत फट राहते, ती कोणत्याही पुट्टीने नीट बुजत नाही. अनेक साइटवर वायरमन ठिय्यांआधीच काम उरकून जातो, आणि पुढच्या बहुतेक तक्रारी या एका घाईतून येतात.

स्लॅब टाकतानाच सोडलेल्या पाईपपासून बॉक्सपर्यंत पाईप नेण्यासाठी भिंतीत झिरी (खाच) मारतात. कटरने दोन समांतर रेघा कापून मधला भाग छिन्नीने काढला तर विटा हलत नाहीत. सिपोरेक्सवर नुसता हातोडा चालवला तर ब्लॉकच फुटतो. भार पेलणाऱ्या भिंतींसाठी भारतीय मानक १९०५ उभ्या झिरीला भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाची आणि आडव्या झिरीला एक षष्ठांशाची मर्यादा घालते. चार इंची भिंतीत दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बॉक्स बसवू नयेत: प्रत्येकी दीडदोन इंच खोली गेल्यावर मध्ये वीट जवळजवळ उरतच नाही, आणि शेजारच्या खोलीतले बोलणे ऐकू येते.

खाच पाण्याने भिजवून बॉक्स सिमेंट-वाळूच्या मालात बसवतात, लेव्हल लावून सरळ करतात आणि माल आवळेपर्यंत हलवत नाहीत. मग आत कागद किंवा थर्माकोल ठासतात, नाहीतर गिलाव्याचा माल पाईपच्या तोंडात शिरतो आणि वायर ओढायची स्प्रिंग त्यात अडते. स्क्रूच्या कानांतले आटेही झाकावे लागतात. झिरीवर चिकन मेश (तारेची जाळी) ठोकली नाही तर त्याच रेषेत गिलाव्याला तडा जातो.

पनवेलच्या खाडीकाठच्या दमट हवेत आणि मुसळधार पावसात पत्र्याच्या बॉक्सचा जस्ताचा थर कापलेल्या कडांपाशी आधी हरतो. मालात खाडीची खारट रेती असेल तर गंज लवकर धरतो आणि रंगावर तपकिरी डाग उमटतो. म्हणून ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीत पीव्हीसीचा बॉक्स बरा. पत्र्याचा वापरलाच तर त्याला अर्थिंगची वायर जोडलीच पाहिजे. आतली वायर सोलली जाऊन पत्र्याला लागली तर माणूस आणि धक्का यांच्यामध्ये ही अर्थिंगची वायरच असते.

काँक्रीटच्या भिंतींत मात्र हा क्रम बदलतो. २०२२ साली सिडकोने नवी मुंबईतील बामणडोंगरी येथे ९६ दिवसांत ९६ घरांची इमारत प्रीकास्ट तंत्राने (आधीच ओतून तयार केलेले भाग जोडून) उभी केली. अशा कामात, आणि ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती जागेवरच ओतण्याच्या मिवान पद्धतीतही, बॉक्स काँक्रीट ओतण्यापूर्वी साच्यातच बसवतात. तिथे ठिय्याही नसतो आणि झिरीही नसते. बोर्डाची जागा नकाशातच कायमची ठरते, आणि नंतर ती हलवायची तर लोखंडी सळ्या असलेले काँक्रीट फोडावे लागते.