मालवण सागरी अभयारण्य

मालवण सागरी अभयारण्य हे महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण शहरालगतच्या अरबी समुद्रात असलेले संरक्षित क्षेत्र आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी ते घोषित करण्यात आले. बंदर, किल्ला, मासेमारी आणि पर्यटन यांचा नित्य वावर असलेल्या पाण्यातच ते वसलेले असल्यामुळे निसर्गसंरक्षण आणि उपजीविका यांचा मेळ घालणे हा त्याच्या व्यवस्थापनातील मुख्य प्रश्न राहिला आहे.

विस्तार

अभयारण्याचे एकूण क्षेत्रफळ २९.१२ चौ. किमी आहे. त्यापैकी ३.१८ चौ. किमी गाभा क्षेत्र असून त्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे पाण्याखालील खडक येतात. उर्वरित २५.९४ चौ. किमी बाह्य क्षेत्र आहे. सिंधुदुर्ग किल्ला छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात बांधला. २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांत त्याचा समावेश आहे. त्यामुळे अभयारण्याचा सर्वाधिक संरक्षित भाग हाच सर्वाधिक पर्यटकांचा भागही ठरतो.

जैवविविधता

किल्ल्याभोवतीच्या उथळ खडकांवर प्रवाळांच्या वसाहती आढळतात. त्यांत पोराइट्स व टर्बिनेरिया या प्रजातींचा समावेश होतो. पावसाळ्यात नद्यांचे गोडे व गढूळ पाणी समुद्रात उतरते आणि प्रवाळांना मिळणारा प्रकाश व पाण्याची क्षारता दोन्ही घटतात. येथील प्रवाळ हा ताण दरवर्षी सोसतात. पाण्याचे तापमान वाढल्यास प्रवाळांच्या शरीरातील सहजीवी शैवाल बाहेर टाकले जाते व ते पांढरे पडतात. असे विरंजन मालवण परिसरातही नोंदले गेले आहे. खडकांवरील समुद्रशैवाल, शंख-शिंपले, खाड्यांतील कांदळवने आणि किनाऱ्याजवळ वावरणारे डॉल्फिन ही परिसराची अन्य वैशिष्ट्ये होत.

मच्छीमारांचा विरोध व कायदेशीर तरतूद

घोषणेपासूनच स्थानिक मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला. पिढ्यान्‌पिढ्या वापरातील पाण्यात प्रवेश बंद होईल, ही त्यामागील प्रमुख भीती होती. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये १९९१ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम २६ अ नुसार, प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांशी सल्लामसलत करावी लागते, तसेच स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हितरक्षणासाठी पुरेशी उपाययोजना करावी लागते. ही तरतूद मालवणच्या घोषणेनंतरची आहे. प्रवाळांना मात्र २००१ पासून या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

मासेमारी

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ही सामुदायिक पद्धत रूढ आहे. होडीतून समुद्रात सोडलेले लांब जाळे दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढले जाते आणि मिळालेल्या मासळीची वाटणी केली जाते. बांगडा, तारली यांसारखे थव्याने येणारे मासे तीत मिळतात. याच थव्यांना पर्ससीन जाळी खोल पाण्यातच वेढतात. त्यातून पारंपरिक आणि यांत्रिक मच्छीमारांत वारंवार संघर्ष झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालून तिचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा मर्यादित केला. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र शासनाने अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीस मनाई केली. हे निर्बंध अभयारण्याच्या सीमेपुरते नाहीत. तथापि सीमेबाहेर अतिरिक्त उपसा झाल्यास आतील माशांचे संरक्षण अपुरे पडते, त्यामुळे अभयारण्याच्या दृष्टीनेही ते महत्त्वाचे आहेत.

२०१० च्या दशकात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनारपट्टीवर जैवविविधता प्रकल्प राबवण्यात आला. त्यात ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीसाठी ४० मिमी चौकोनी आसाच्या जाळ्याचा प्रसार करण्यात आला. नेहमीची शंकरपाळ्याच्या आकाराची आस ओढताना मिटते व लहान मासे अडकतात; चौकोनी आस उघडी राहते व ते निसटतात. खेकडा, कालवे आणि शिंपल्यांची शेती यांनाही प्रोत्साहन देण्यात आले. डिसेंबर २०१८ पासून, जाळ्यात सापडलेल्या कासव, डॉल्फिन यांसारख्या संरक्षित प्राण्यांच्या सुटकेसाठी जाळे कापावे लागल्यास कमाल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात सुरू झाली.

पर्यटन

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. नौकाविहार, डॉल्फिन दर्शन, स्नॉर्केलिंग व स्कूबा डायव्हिंग यांतून अनेक मच्छीमार कुटुंबांना पूरक उत्पन्न मिळते. मात्र खडकांवर टाकलेले नांगर, प्रवाळांवर दिलेले पाय, माशांना घातलेले खाद्य आणि प्लास्टिक कचरा यांमुळे ज्या प्रवाळांसाठी पर्यटक येतात त्यांचीच हानी होते. प्रवाळांची वाढ अतिशय मंद असल्याने तुटलेली वसाहत भरून येण्यास अनेक वर्षे लागतात. नांगराऐवजी कायमस्वरूपी बोयांना नौका बांधणे, एका वेळी उतरणाऱ्या पाणबुड्यांची संख्या मर्यादित ठेवणे आणि मार्गदर्शकांना प्रशिक्षण देणे हे अशा ठिकाणी अवलंबले जाणारे उपाय आहेत.

व्यवस्थापन

अभयारण्य वन विभागाच्या, मासेमारीचे परवाने मत्स्यव्यवसाय विभागाच्या, तर बंदर व जलवाहतूक महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येते. समुद्रात कुंपण घालता येत नसल्याने नियमांचे पालन या यंत्रणांच्या समन्वयाइतकेच स्थानिकांच्या सहकार्यावर अवलंबून असते. बेकायदा जाळी, जखमी कासव किंवा पांढरे पडलेले प्रवाळ प्रथम दिसतात ते रोज त्या पाण्यात जाणाऱ्या मच्छीमारांना आणि पाणबुड्यांना.