बिनहाडाचा घास

राइस मिलवरचं मांजर कुणी मुद्दाम पाळत नाही. धान असतं तिथे उंदीर असतात, आणि उंदीर असतात तिथे ते आपसूक येतं. आमच्या गोंदिया जिल्ह्यात मांजरं अशीच पिढ्यान्‌पिढ्या जगली. उंदीर खायचा तो हाडांसकट, तलावाकाठी बारीक मासळी मिळाली तर तीही काट्यांसकट. नागझिऱ्याचा वाघही चितळ मारतो तेव्हा नुसतं मऊ मांस खात नाही, बरगड्याही चावतो. हाडांचा आजार मांजराच्या वाट्याला आला तो माणसाने त्याला घरात घेऊन ताटलीत कलेजी आणि बोनलेस चिकन वाढल्यावर.

याची पहिली ठळक नोंद मात्र घरातली नाही, लंडनच्या प्राणिसंग्रहालयातली आहे. तिथे सिंहाचे छावे मुडदूस होऊन मरत. त्यांना मिळे घोड्याचं चरबी नसलेलं मांस, हाडाशिवाय. १८८९ साली जॉन ब्लँड-सटन या शल्यविशारदाने त्यात कुटलेली हाडं आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल घालायला सांगितलं. छावे सुधारले. 'ड' जीवनसत्त्वाला अजून नावही मिळालं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट!

एवढं होऊनही धडा घरोघरी पोचला नाही. १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये सयामी पिल्लांची हाडं साध्या उडीने मोडत, तेव्हा डॉक्टरांनी दोष दिला वंशाला. ही जातच कमजोर, जन्मजात रोग. (आपल्याकडे 'नजर लागली' म्हणतात, तिकडे 'रक्तातच आहे' म्हणाले. फरक फार नाही.) मग लंडनच्या पॅट्रिशिया स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांना केवळ मांसावर ठेवून पाहिलं आणि १९६१ साली निष्कर्ष छापले: अशा आहारात कॅल्शियम कमी पडतं आणि आयोडीनही. दोष जातीचा नव्हता, ताटलीचा होता.

हिशेब सोपा आहे. मांजराला कॅल्शियम आणि फॉस्फरस साधारण सारखे लागतात. नुसत्या मांसात फॉस्फरस पंधरा-वीस पट जास्त असतो, कलेजीत तर त्याहूनही जास्त. रक्तातलं कॅल्शियम घटलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून ओढून घेतात. पिल्लू वरून गुबगुबीत दिसतं, आतून हाड कागदासारखं पातळ होत जातं. मग ते लंगडतं, उचललं की ओरडतं. आयोडीन कमी पडलं तर थायरॉइड सुजते. त्याच कारणासाठी शाळेत आम्ही मुलांना आयोडीनयुक्त मीठ शिकवतो. आणि पिल्लाला उन्हात बसवून काही साधत नाही, कारण मांजराची कातडी आपल्यासारखं पुरेसं 'ड' जीवनसत्त्व बनवू शकत नाही. ते अन्नातूनच यावं लागतं.

आम्हा मुसलमानांच्या घरात मांजराला मान आहे. हजरत अबू हुरैरा या नावाचा अर्थच 'मांजरीच्या पिल्लाचा बाप'. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस मुलांनाही ठाऊक असते. पण त्या हदिशीत बाईवर दोन आरोप आहेत: तिने स्वतः खाऊ घातलं नाही, आणि जमिनीवरचे जीवजंतू खायला तिला मोकळंही सोडलं नाही. दुसरा आरोप आपण वाचताना ओलांडून जातो. फ्लॅटमध्ये बंद केलेल्या पर्शियन मांजराच्या बाबतीत मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचं मूळचं अन्न आपण बंद केलं, तर त्यातलं हाड भरून देणं आपल्यावर आलं.

म्हणून बिर्याणीतलं हाड टाकायचं नाही. शिजलेल्या हाडाच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात, त्या घशात किंवा आतड्यात रुततात. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या अंदाजाने देणंही बरं नव्हे, जास्त झालं तरी त्रासच. संतुलित तयार खाद्य द्यावं किंवा पशुवैद्यकाकडून मात्रा ठरवून घ्यावी. आहार वेळीच बदलला तर लहान पिल्लाची हाडं काही आठवड्यांत पुन्हा भरू लागतात. मात्र मऊ असताना वाकलेलं कटीचं हाड सरळ होत नाही. अशा मांजराला पुढे जन्मभर शौचाला त्रास होतो, आणि मादी असेल तर विताना जीव धोक्यात येतो.