हिरवळीचे मोल कोणी द्यायचे?

शहराच्या वेशीवरील शेती राहावी असे म्हणणारे पुष्कळ असतात. ती राखण्याचा भार मात्र बहुधा एकट्या शेतकऱ्याच्या माथी येतो. स्टेशनालगतच्या जमिनीला सोन्याचा भाव मिळतो आणि हरितपट्ट्यातील वाडीवाला नियमांच्या कुंपणाआड बसून तो भाव ऐकत राहतो. वसईच्या वाचकांना हे शल्य समजावून सांगायला नको. याच प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील माँटगोमेरी काउंटीने, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या एका विभागाने, शोधले. त्याचा इतिहास आपण जाणून घेण्याजोगा आहे.

माँटगोमेरी ही मेरीलँड राज्यातील, राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेली काउंटी. दुसऱ्या महायुद्धानंतर राजधानीतील नोकरदारांच्या वसाहती तिच्या शेतांवर पसरू लागल्या. १९६४ च्या आराखड्याने हाताच्या पंजासारखी रचना सुचवली: बोटांप्रमाणे जाणाऱ्या मुख्य मार्गांवर दाट वस्ती आणि बोटांच्या मधल्या बेचक्यांत शेती. कल्पना सुंदर होती, पण केवळ नकाशावर हिरवा रंग फासल्याने शेत वाचत नाही.

म्हणून १९७३ मध्ये ग्रामीण भागात पाच एकरांस एकच घर असा नियम आला. घरे कमी झाली की शेती टिकेल, हा होरा. घडले उलटेच. पाच एकरांचा तुकडा नांगरायला फार लहान आणि गवत कापायला फार मोठा, असे तिथे उपहासाने म्हटले जाई. सधन नोकरदारांनी असे तुकडे घेऊन बंगले बांधले. माणसे थोडी आली, जमीन मात्र भराभर संपू लागली. विरळ वस्ती म्हणजे हिरवळ नव्हे, हा धडा त्या काउंटीने असा मोल देऊन घेतला.

१९८० मध्ये, रॉइस हॅन्सन हे नियोजन मंडळाचे अध्यक्ष असताना, नवी योजना मंजूर झाली. सुमारे ९३,००० एकर, म्हणजे काउंटीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग, शेतीसाठी राखण्यात आला आणि तेथे पंचवीस एकरांस एक घर ही मर्यादा आली. शंभर एकरांच्या धन्याला पूर्वी वीस घरे बांधता येत, आता चारच. शेतकऱ्याची जमीन हीच त्याची पुंजी आणि हेच त्याचे कर्जाचे तारण. ती पुंजी कायद्याच्या एका फटकाऱ्याने हिरावून घेणे न्यायाचे नव्हते. म्हणून पाच एकरांमागे एक याप्रमाणे त्याला वीस विकास हक्क देण्यात आले. चार घरांपुरते हक्क ठेवून उरलेले सोळा त्याने विकासकांना विकावेत. विकासकांनी ते नेमून दिलेल्या उपनगरी भागांत वापरून एरवीपेक्षा दाट बांधकाम करावे. हक्क विकल्यावर जमिनीवर कायमचे बंधन नोंदले जाई आणि ते पुढील प्रत्येक खरेदीदारावरही लागू राही. जमीन शेतकऱ्याचीच राहिली. जागा बदलली ती घरांनी.

वाट सोपी नव्हती. दाट वस्ती आपल्या दारी नको, म्हणून उपनगरांतील रहिवासी न्यायालयात गेले. १९८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की वाढीव घनता केवळ आराखड्यात दाखवून चालणार नाही, ती रीतसर क्षेत्रनियमांतच ठरवली पाहिजे. काउंटीने नियम सुधारले आणि योजना चालू ठेवली. या मार्गाने ५०,००० एकरांहून अधिक जमीन शेतीला बांधली गेली आहे.

हेच साधन १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने मुंबईतही आणले. आपण त्याला टीडीआर म्हणतो. पण तेथे हेतू निराळा होता: आरक्षित भूखंड पालिकेला मिळावेत आणि पुढे झोपडपट्ट्यांचे पुनर्वसन व्हावे. मूळ शहरातील हक्क उत्तरेकडे उपनगरांत गेले आणि आधीच दाटलेली उपनगरे अधिक दाटली. वसईत १९९० मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, आणि हरित वसई संरक्षण समितीसारख्या संघटनांनी वाड्यांवरील वाढीव बांधकामाला निकराने विरोध केला. तो लढा नसता तर आज राखण्यासारखे फारसे काही उरले नसते.

परंतु मर्यादा हा न्यायाचा अर्धा भाग झाला. ज्याच्या विहिरीमुळे आणि झाडांमुळे साऱ्या गावाला पाणी व गारवा मिळतो, त्याला त्याचा मोबदला मिळणे हा उरलेला अर्धा. माँटगोमेरीचे आकडे गुंठ्यांत मोजल्या जाणाऱ्या आपल्या वाड्यांना लागू पडणार नाहीत. तत्त्व मात्र लागू पडते. त्याची एक अट आहे. हक्क विकत घेतल्याविना कोणालाही जादा मजला चढवता येत नसेल, तरच त्या हक्काला किंमत येते. जेथे अनधिकृत इमारत रातोरात उभी राहते आणि पुढे नियमित होते, तेथे प्रामाणिक वाडीवाल्याच्या हाती केवळ कागद उरतो. म्हणून हिरवळ राखू इच्छिणाऱ्या समाजाने आधी कायदा राखला पाहिजे, आणि मग हिरवळीचे मोल सर्वांनी मिळून द्यायला सिद्ध झाले पाहिजे.