दुसऱ्या एम.ए.चा खर्च कोणी सोसायचा?

दुसरी पदव्युत्तर पदवी म्हणजे सुखवस्तूंचा छंद, असा समज आपल्याकडे रूढ आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

बाबासाहेब १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाचे एम.ए. झाले. पुढे लंडनला अभ्यास सुरू केला. पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली तो अर्धवट टाकून परतावे लागले. मग त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसा शिल्लक टाकला, शाहू महाराजांचे साह्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले व १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२१ साली ते एम.एस्सी. झाले. ही त्यांची दुसरी पदव्युत्तर पदवी. त्यानंतर १९२३ साली डी.एस्सी. मिळाली.

पोट भरता भरता शिकणाऱ्याची ओढाताण त्यांनी स्वतः सोसली होती. १९४६ साली त्यांच्या संस्थेने काढलेल्या सिद्धार्थ कॉलेजात नोकरदारांसाठी सकाळचे वर्ग भरले, ते या जाणिवेतूनच.

घरबसल्या शिक्षणाची वाट पुढे रुंदावत गेली. १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम काढले. १९८२ साली हैदराबादला मुक्त विद्यापीठ निघाले. १९९१ पासून ते बाबासाहेबांच्या नावाने चालते. १९८५ साली इंदिरा गांधी, तर १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आले. २०१७ साली केंद्राने ‘स्वयम्’ सुरू केले. तिथे शिकणे विनामूल्य, शुल्क फक्त परीक्षेचे.

गोंदिया जिल्ह्यातील केशोरी घ्या. गडचिरोलीच्या सीमेजवळचे, मिरचीसाठी नाव कमावलेले गाव. विद्यापीठ नागपूरला. मराठीत एम.ए. झालेल्या इथल्या शिक्षकाला इतिहासाचे एम.ए. करावयाचे, तर नोकरी, शेती आणि म्हातारे आईबाप सोडून नागपुरात खोली घेणे त्याला परवडणार नाही. त्याला ऑनलाइन शिक्षण हाच मार्ग. अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या अशा पदव्या नियमित पदवीच्या तोडीच्या मानल्या जातात. प्रवेशापूर्वी ती मान्यता मात्र तपासलीच पाहिजे.

पण खरी अडचण पुढेच आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा नियम असा, की एका विषयात एम.ए. झाल्यावर दुसऱ्या विषयाच्या एम.ए.साठी शिष्यवृत्ती नाही. पैसा थोडा, म्हणून आधी पहिल्या पदवीवाल्याला द्यावा, हा त्यामागचा युक्तिवाद समजू शकतो. परंतु पहिला विषय आपल्या मुलांनी खरोखर निवडलेला असतो काय? जवळच्या कॉलेजात जो विषय असेल, तोच पदरात पडतो. आवडीचा, गरजेचा विषय उमगतो तो पुढे, चार पुस्तके वाचल्यावर आणि चळवळीत वावरल्यावर.

आपला इतिहास आपण लिहावयाचा, असे आपण व्यासपीठावरून म्हणतो. त्यासाठी इतिहासाची शिस्त शिकावी लागते. तेव्हा मुक्त विद्यापीठांतील दुसऱ्या पदवीचे शुल्क तरी शासनाने भरावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. आणि ती मान्य होईपर्यंत, ज्यांना पहिल्या पदवीने नोकरी दिली त्यांनी एकेका विद्यार्थ्याचे शुल्क उचलावे. भथेनांनी मित्रासाठी केले, ते आपल्या माणसांसाठी आपल्याला जड का वाटावे?